रिंगेवरची अक्षत

फोन आला तेव्हा ज्योतीराम चहात खारी बुडवत होता. भोसरी एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यात दुपारच्या चहाला दोन्ही लेथ बंद ठेवायची रीत होती, त्यामुळे सुनेचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. विजयश्रीनं विचारलं ते साधंच होतं. बाबा, दसऱ्याला दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासाठी जी रिंग करून दिली होतीत, तिचे दोन्ही फेस, म्हणजे दोन्ही बाजू, सपाट होते ना?

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर ज्योतीरामनं त्याची उभ्या उभ्या कानउघाडणी केली असती. उभा जन्म लेथवर काढलेल्या माणसाला फेस सपाट होता का म्हणून विचारायचं म्हणजे आचाऱ्याला मीठ घातलंत का म्हणून विचारण्यासारखं. पण आज त्याच्या डोळ्यांपुढं ती रिंग उभी राहिली होती, आणि रिंगेच्या फेसवर लावलेलं बोटभर कुंकू. खारीचा तुकडा मोडून चहात बुडाला, तो काढायचंही त्याला सुचलं नाही.

विजयश्री पुढं सांगत होती. तिच्या सरांनी सहज म्हणून थंडीतली काही चित्रं मोठी करून पाहिली, तर प्रत्येक चित्रात डाव्या बाजूचे तारे जाडे दिसत होते आणि उजव्या बाजूचे नीट, टोकदार. म्हणजे कॅमेरा दुर्बिणीवर किंचित तिरका बसलाय. तिचा संशोधनाचा पेपर लिहून तयार होता, आठवड्याभरात पाठवायचा होता. सर म्हणाले, थांब. ज्या दीर्घिका तू मोठ्या म्हणून लिहिल्यास त्या खरोखर मोठ्या आहेत, की वाईट बाजूला पडल्या म्हणून फुगून मोठ्या दिसल्या? हे कळेपर्यंत पेपर जाणार नाही.

आता ही सगळी भानगड नीट कळायची तर जरा मागं जायला हवं.

ज्योतीराम मूळचा औशाकडचा. आयटीआय करून पिंपरीला आला, एका मोठ्या कंपनीत टर्नर म्हणून चिकटला, आणि कंपनीनं जुन्या लोकांना व्हीआरएस दिली तेव्हा इतरांनी बंगले बांधायला काढले, यानं दोन लेथ घेतले. घर काळेवाडीत. बायको कौशल्याबाई, एकुलता एक मुलगा सुजित चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात शिफ्टवर. सगळं सुरळीत चाललेलं असताना सुजितनं आकुर्डीच्या कॉलेजातली मैत्रीण लग्न करून घरी आणली, आणि ती पुण्याच्या एका संस्थेत आकाशातल्या दीर्घिकांवर पीएचडी करत होती. सासू-सासऱ्यांची तिच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. तिच्याशी बोलायचं काय, एवढाच प्रश्न होता. औशाचे नातेवाईक तर पहिल्या वर्षी येताना मुलांच्या पत्रिका घेऊन आले. सून ग्रहताऱ्यांत शिकलीय असं कळल्यावर एवढं तर माणूस करणारच. विजयश्रीनं कुणाचा अपमान न करता त्या पत्रिका परत दिल्या, आणि ते पाहून ज्योतीरामला ती मुलगी आवडायला लागली. पण हे तिला सांगायचं कसं, ते त्याला येत नव्हतं. मायक्रोमीटरवर मोजता येत नाही अशा गोष्टींत त्याची जीभ अडखळत असे.

बर्फ जरासा वितळला तो एकदा जेवताना. ज्योतीरामनं धीर करून विचारलं होतं, की तू दिवसभर बघतीस तरी काय, आमच्यासारख्याला कळंल असं सांग. तिनं सांगितलं. आपल्या आकाशगंगेसारख्या अगणित दीर्घिका आहेत. त्यांच्यातला थंड वायू गोळा होऊन नवे तारे तयार होत असतात. काही दीर्घिकांत मात्र हे काम कधीतरी थांबतं. आधी बनलेले तारे जळत राहतात, त्यामुळे उजेड दिसतो, पण नवा तारा म्हणून एक बनत नाही.

ज्योतीराम म्हणाला, म्हणजे कंपनी बंद, पण गेटावरची लाईट चालू. त्यांच्या एमआयडीसीत अशा कंपन्यांना काही तोटा नव्हता.

ती म्हणाली, बरोब्बर तसंच, आणि मी अगदी अलीकडे बंद पडलेल्या शोधते. त्या केवढ्या आहेत, पसरट आहेत की मध्यभागी दाटीनं भरलेल्या, ते मोजते. तिला दिसलं होतं ते असं, की नुकत्या बंद पडलेल्या दीर्घिका लहान आणि मधोमध घट्ट असतात, आणि ज्या फार पूर्वी बंद पडल्या त्या त्यांच्याहून मोठ्या. ज्योतीरामनं घास हातात धरूनच विचारलं, की एकदा बंद पडलेली गोष्ट मोठी होईल कशी? विजयश्री एकदम सरसावून बसली. हाच तर प्रश्न आहे, बाबा. एक तर जुन्या दीर्घिका मुळातच मोठ्या असताना बंद पडल्या असतील, किंवा बंद पडल्यावर आजूबाजूच्या बारीकसारीक दीर्घिका गिळून बाहेरच्या अंगानं वाढल्या असतील. ज्योतीराम म्हणाला, व्हीआरएस घेतल्यावर माणसाचं पोट सुटतं, तसंच हाय की मग. विजयश्रीला हसून हसून उचकी लागली आणि कौशल्याबाईंनी तिच्या पाठीवर थोपटून पाणी दिलं. सुजित सेकंड शिफ्टला गेला होता, त्यामुळे हा सोहळा त्याला पाहायला मिळाला नाही.

त्यानंतरच्या नवरात्रात ती एक ड्रॉइंग घेऊन गाळ्यावर आली. डोंगरावरच्या दुर्बिणीला नवा कॅमेरा लावायचा होता, दोन्हींच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक रिंग बसवायची होती, आणि संस्थेच्या वर्कशॉपमध्ये कामं तुंबलेली. तिनं फार संकोचत विचारलं. ज्योतीरामनं ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि बघू म्हणाला, पण त्या संध्याकाळी तो बसस्टॉपपर्यंत शीळ घालत गेला हे त्याचा जुना जोडीदार सोपानराव अजून सांगतो. सोपानराव दुसऱ्या लेथवर असे. तो चिखलीचा, जुन्या गावठाणातला, आणि कुणाला चिडवायची संधी सोडायची नाही असा त्याचा नेम होता.

रिंग अशी झाली, की कंपनीच्या इन्स्पेक्टरनंही हातात घेऊन नुसती पाहत बसावी. ती तयार झाली खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी गाळ्यातली मशीनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेली, पाटावर मायक्रोमीटर, पाने, डायल सगळे मांडून ठेवलेले, आणि कौशल्याबाई ताट घेऊन हजर. त्यांना रिंग दिसली. ही आपल्या विजूची ना, असं म्हणून त्यांनी ती पाटाच्या मधोमध ठेवली आणि सगळ्यांत आधी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर ज्योतीराम माल पुसायला बसला. पूजेतला कुठलाही जॉब घासलेटच्या बोळ्यानं लख्ख पुसूनच बाहेर जायचा, कंपन्यांना असलं काही चालत नाही. शाफ्ट पुसले, बुश पुसले, आणि रिंग हातात आल्यावर बोळा तसाच थांबला. फेसवर बोटभर कुंकू वाळून बसलं होतं. हे कंपनीचं काम नव्हतं, घरच्या लेकराचं काम होतं. तुझा अभिमान वाटतो, तू आमची आहेस, वगैरे जे त्याला कधी म्हणता आलं नसतं, ते सगळं त्या कुंकवात आलं होतं. त्यानं फुंकर मारून सुट्या अक्षता उडवल्या. कुंकवाची जाडी ती काय, केसाएवढीही नाही, आणि बसवताना तिकडं पुसतीलच की. असं म्हणून त्यानं रिंग कागदात गुंडाळली. ज्या माणसानं उभ्या जन्मात फेसवर धुळीचा कण ठेवला नाही, त्यानं एकदाच ठेवला तो असा.

तर फोनवर विजयश्रीचं बोलून होताच ज्योतीरामनं सांगून टाकलं. लपवाछपवी त्याला जमणारी नव्हतीच. फेस सपाट होता लेकरा, पण पूजेचं कुंकू मी पुसलं नव्हतं. गाळ्यासमोरून एक टेम्पो गेला, तो लांब जाईपर्यंत पलीकडून आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं. मी रिंग उतरवून घेते आणि सगळी चित्रं तपासते." आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस ज्योतीरामनं लेथ सुरूच केला नाही. मशीनपुढं जायचा, चकाच्या पकडीत जॉब धरायचा, आणि परत काढून ठेवायचा. आपण हात लावला की काहीतरी बिघडेल, असं त्याला वाटायला लागलं होतं. त्या मुलीनं डोंगरावर थंडीत कुडकुडत काढलेला सगळा हंगाम आपण एक बोळा न फिरवता पाण्यात घातला, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तिला परत दुर्बीण कधी मिळणार? दुर्बिणीला देशभरातून रांग असते, हे तिनंच सांगितलं होतं. शाफ्टचं एक काम घेऊन गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं दुसरीकडं पाठवून दिलं. सोपानराव हे सगळं बघत होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, "राव, चिमूटभर कुंकवानं कुठं आभाळ बिघडतंय व्हय?" पण चिडवायला म्हणून काढलेल्या त्या बोलण्यातही त्याच्या आवाजाला नेहमीची धार नव्हती.

घरी तर आणखी तऱ्हा. कौशल्याबाईंनी आधी नवऱ्याला फैलावर घेतलं. मी लावायचं आणि तुम्ही पुसायचं, ही इतक्या वर्षांची वाटणी, आणि तुम्हाला दयामाया सुचली ती नेमकी याच वेळी. मग अर्ध्या तासानं त्यांनाच रडू आलं, की मुळात मी लावायलाच नको होतं. मग पुन्हा राग. विजयश्री त्या दिवसांत काळेवाडीला आलीच नाही, संस्थेच्या हॉस्टेलवर मैत्रिणीकडं राहिली. कामात आहे, एवढाच निरोप सुजितकडून मिळायचा. सुजितला खोदून विचारलं तर तो म्हणायचा, तिनं मलाही काही सांगितलेलं नाही. ती रागावलीय, एवढंच त्यातून दोघांना कळत होतं, आणि रागावायचा तिला पूर्ण हक्क आहे हेही. जेवणं होत होती, पण त्या व्हीआरएसच्या विनोदाची आठवण झाली की ज्योतीरामला घास जात नसे.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या गुरुवारी ज्योतीराम तरीही गाळ्यावर गेला, कारण घरी बसवेना. कौशल्याबाईही डबा घेऊन मागोमाग आल्या, कारण त्यांनाही घरी बसवेना. दोघं बंद मशीनांच्या मध्ये स्टुलांवर बसले होते, तेवढ्यात शटरपाशी रिक्षा थांबली आणि विजयश्री उतरली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कसेबसे बांधलेले. ज्योतीराम उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं ते न कळल्यामुळे त्यानं तिच्यासाठी तिसरं स्टूल पुसलं.

तिनं खोक्यातून रिंग काढून त्याच्या हातात दिली. कुंकू काळपट पडलं होतं, दाबून दाबून फेसला चिकटलं होतं. आणि त्याच्या मधोमध काहीतरी पांढरट, चपटं झालेलं होतं. ज्योतीरामनं उजेडाकडं धरून पाहिलं. कौशल्याबाईंना त्याच्या खांद्यावरूनच ते दिसलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. अक्षत होती. ओल्या हळदकुंकवात तांदळाचा एक दाणा चिकटून राहिला होता, फुंकरीनं उडाला नव्हता, आणि कॅमेऱ्याचे स्क्रू आवळताना तिथंच चेंगरला होता. केसाएवढ्या जाडीची जी समजूत ज्योतीरामनं स्वतःची घातली होती, ती तिथंच संपली. त्यानं रिंग सरफेस प्लेटच्या सपाट लादीवर ठेवून उंचसखल दाखवणारा डायल लावला. दाण्यावर आल्याबरोबर काटा गर्रकन फिरला. त्यानं डायल उचलून बाजूला ठेवला, परत पाहिलं नाही.

"तुझ्या त्या नव्या बंद पडलेल्या गॅलक्सी," त्यानं विचारलं, "त्या चित्रात कुठल्या बाजूला होत्या?"

"डावीकडं. सगळ्या."

"आन् फुगलंय कुठं?"

"डावीकडंच."

ज्योतीराम स्टुलावर बसला. म्हणजे जे तिचं खरं काम होतं, तेच नेमकं दाण्याखाली सापडलं होतं. पुढं काही विचारायला उरलंच नव्हतं. गेलं सगळं, असं तो पुटपुटला. कौशल्याबाई तर भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

विजयश्री त्याच्यासमोर स्टुलावर बसली. तिच्या तोंडावर हसू यायला बघत होतं आणि तिनं ते आवरून धरलं होतं, पण खाली मान घातलेल्या ज्योतीरामला ते दिसलं नाही.

"बाबा, मला एक सांगा. जॉब प्लसमध्ये, मापाहून मोठा निघाला तर तुम्ही काय करता?"

"परत एक कट घ्यायचा. माल शिल्लक असतो की."

"आणि मायनसमध्ये निघाला तर?"

"भंगारात. गेलेला माल परत चिकटवता येतो व्हय?"

"मग ऐका," ती म्हणाली. "माझ्या प्लसमध्ये निघाल्यात."

ज्योतीरामला एकदम काही कळलं नाही. मग तिनं सावकाश सांगितलं, आणि चार दिवसांत तिनं जे तपासलं ते सगळं सांगितलं. कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूच्या काही ओळी मेलेल्या होत्या, तिथं चित्र उमटतच नाही. म्हणून तिनं आपल्या लहानग्या, लाडक्या दीर्घिका सगळ्या डाव्या बाजूला घेतल्या, आणि तुलनेसाठीच्या जुन्या, मोठ्या दीर्घिका उजवीकडं. मोठ्यांतल्या एकदोन ओळी गेल्या तरी बिघडत नाही. अंधुकपणा आला तो डावीकडं. आणि अंधुकपणानं वस्तू फक्त फुगते, ती आखडत कधीच नाही.

"म्हणजे त्या लहान होत्या," ज्योतीराम एकेक शब्द चाचपत म्हणाला, "आन् फुगून... फुगूनसुद्धा लहानच दिसल्या?"

"फुगूनसुद्धा. मग खऱ्या केवढ्या असतील?"

टर्नरला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसते. ज्योतीरामच्या चेहऱ्यावर ते उगवताना दिसलं. दाणा जर मोठ्यांच्या बाजूला पडला असता, तर त्या खोट्याच मोठ्या दिसल्या असत्या आणि सगळं काम भंगारात गेलं असतं. पण दाणा पडला होता लहानांच्या बाजूला. माल शिल्लक होता. त्यानं विचारलं, की मग कट किती घ्यायचा ते कसं कळणार, आणि हे विचारताना त्याचा आवाज नेहमीचा झाला होता. ती म्हणाली, त्याच चित्रातले तारे सांगतात. तारा इतका लांब असतो, की तो नुसता ठिपकाच दिसायला हवा. तो जेवढा जाडा दिसला तेवढी चूक. प्रत्येक चित्रातल्या ताऱ्यांवरून ती चूक काढली आणि दीर्घिकांवरून तेवढा कट घेतला. त्या तिनं आधी लिहिलं होतं त्याच्याहून लहान निघाल्या, आणि मधल्या भागात आणखी घट्ट. जुन्या मोठ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हणजे दोन्हींतला फरक आहे, आणि होता त्याहून जास्त आहे. सरांनी सगळं परत तपासलं आणि नवे आकडे घालून पेपर पाठवायला काल होकार दिला.

ज्योतीरामला हसू आलं. मग हसता हसता डोळे भरून आले, ते त्यानं ग्रीसच्या बोळ्यानं पुसले आणि गालावर काळा फराटा ओढून घेतला. छातीवरून कुणी लोखंडाचा तुकडा उचलावा तसं त्याला वाटत होतं. कौशल्याबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवून आधी देवाला हात जोडले, आणि मग सुनेवर तोफ डागली. काल कळलं होतं तर काल फोन करायला काय झालं होतं? आम्ही इथं अन्नपाणी सोडून बसलोय, आणि चार दिवस तुझा पत्ता नाही. एवढा राग धरायचा असतो होय घरच्यांवर?

विजयश्रीनं मान खाली घातली. मघापासूनची तिची ऐट एकदम गेली.

"मी रागावले नव्हते, आई. मला फोन करायचं तोंड नव्हतं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. रिंग बसवायच्या दिवशी डोंगरावर तिनंच ती कागदातून सोडवली होती. फेसवरचं कुंकू तिलाही दिसलं होतं. तिथला माणूस स्पिरिटचा बोळा घेऊन आला होता, पुसतो म्हणाला होता. तिनंच त्याला थांबवलं. लग्न होऊन घरात आल्यापासून या घरानं आपल्याला काय मानलंय ते तिला कधी नीट कळत नव्हतं. सगळे तिच्याशी चांगले वागत, पण पाहुण्याशी वागावं तसे. आणि त्या दिवशी, घरापासून लांब त्या थंडीत, सासूबाईंनी बोटानं लावलेलं ते कुंकू तिला दिसलं.

"पुसवलं नाही मला," ती म्हणाली. "मला माहीत होतं पुसायला हवं. तुम्ही त्या दिवशी फोनवर म्हणालात, की तुमची चूक झाली, तेव्हा माझी बोलतीच बंद झाली. चूक माझी होती. मी शिकलेली, मला तर कळायला हवं होतं."

चार दिवस तो काळेवाडीत आणि ती पुण्यात, एकाच कुंकवापायी दोघं कुढत बसले होते, आणि दोघांनी ते ठेवलं होतं एकाच कारणासाठी. त्याला वाटलं, आता तरी काहीतरी चांगलं बोललं पाहिजे. बराच विचार करून तो म्हणाला, "जाऊ दे लेकरा. दोघांनी मिळून एक जॉब बिघडवला, म्हणजे तू वर्कशॉपचीच झालीस." त्याच्या मानानं हे फार मोठं भाषण होतं, आणि विजयश्रीला ते पुरलं.

डबा उघडला. तिघांनी मिळून खाल्लं, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच भाकरी कमी पडली. जेवताना विजयश्रीनं सांगितलं, की पेपरात या प्रकाराबद्दल एक ओळ घालावी लागली आहे, कारण चूक कशी झाली हे लिहिणं भाग असतं. कौशल्याबाईंनी विचारलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, रिंग आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक बाहेरचा कण सापडला, असं.

"बाहेरचा?" कौशल्याबाईंना ते मुळीच पटलं नाही. "औशाच्या शेतातला तांदूळ हाय तो. बाहेरचा कसा?"

औशाच्या त्यांच्या रानात तांदूळ कधीच पिकला नव्हता, पण ज्योतीरामनं ते काढलं नाही. विजयश्री म्हणाली, पेपरात तसंच लिहायची पद्धत असते, आई, आपल्याला ठाऊक आहे तेवढं पुरे.

जेवण झाल्यावर ज्योतीराम उठला. रिंग आजच परत न्यायची होती, तिकडं डोंगरावर माणूस खोळंबला होता. त्यानं घासलेटचा बोळा घेतला आणि या वेळी हात थांबला नाही. कुंकू निघालं, चेंगरलेला दाणा नखानं अलगद सुटला. तो मात्र त्यानं फेकला नाही, पत्र्याच्या कपाटावरच्या गणपतीपुढं नेऊन ठेवला. मग कुठं उंचवटा राहिला तर कळावा म्हणून सरफेस प्लेटवर निळा रंग चोळून फेस तपासला, दुसरा तपासला, आणि केवळ स्वतःच्या समाधानासाठी रिंग चकात धरून लेथ सुरू केला. त्याची काही गरज नव्हती. मशीनचा आवाज गाळ्यात भरला आणि शेजारच्या बंद गाळ्याचा वॉचमन, आज गुरुवारी कोण काम करतंय म्हणून डोकावून गेला. ज्योतीरामनं त्याला हात केला.

पुसून लख्ख झालेली रिंग त्यानं कोऱ्या कागदावर ठेवली. कौशल्याबाई जवळ उभ्या होत्या. गाळ्यातल्या गणपतीपुढचा करंडा त्यांनी नकळत हातात घेतला होता आणि आता काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी रिंगेकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि करंडा परत ठेवायला वळल्या.

"आई," विजयश्री म्हणाली, "रिंगेला नको. मला लावा."

आणि ती त्यांच्यासमोर कपाळ पुढं करून उभी राहिली. कौशल्याबाईंनी बोट बुडवून तिच्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच मोठं लावलं, त्यावर अक्षता लावल्या, आणि तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. दोघींनाही रडू येत होतं आणि दोघीही हसत होत्या. तिच्या कपाळावरचा एक दाणा सुटून खाली आला.

ज्योतीरामनं चटकन रिंगेवर हात धरला.